साठीशांतीचे पाट

आमच्या मामंजींना भुसा जाळलेला बघवत नसे. ग्वाल्हेरच्या हजीऱ्याला, लाकूड चिरायच्या आरा मशीनींच्या मागे संध्याकाळी भुशाचे आणि ढलप्यांचे ढीग पेटवून देत, तेव्हा ते सायकलवरून उतरून तिथे उभे राहात आणि हळहळत. माझ्या सासऱ्यांची सगळी नोकरी दरबारच्या फर्निचरखात्यात झाली होती. खुर्च्या, मेजं, पलंग, झुंबरांच्या पेट्या, जिथे म्हणून लाकूड होतं तिथे त्यांचा हात फिरलेला. संस्थान विलीन झालं, खातं बंद झालं आणि मामंजी वेळेआधीच पेन्शनीत निघाले. अशा माणसाने खरं तर सकाळी देवळात आणि संध्याकाळी बाड्याच्या चौकात एक चक्कर मारून सुखाने दिवस काढावेत. आमच्या मामंजींनी हजीऱ्याला पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली आणि भुशाच्या फळ्या करायचं डोक्यात घेतलं.

कृती ऐकायला सोपी होती. लाकडाचा चुरा वाळवायचा, चाळायचा, त्यात सरस कालवायचा, चौकटीत सारखा पसरायचा आणि दोन तापलेल्या लोखंडी पत्र्यांमध्ये दाबून ठेवायचा. निघाली फळी. परदेशात असं करतात हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. आज घरोघरी कपाटं या फळ्यांची असतात आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. तेव्हा आमच्या सराफ्यामागच्या गल्लीत हे ऐकून लोक मामंजींकडे जरा काळजीने बघायचे.

मी तेव्हा घरात नवी सून. माहेर गावातच, शिंदे की छावनीत, म्हणजे टांग्याने पाच-दहा मिनिटांवर. लग्नाआधी बी. एस्सी. झाले होते, रसायन घेऊन, आणि लग्न ठरताना त्या पदवीचं सगळ्यांनी फार कौतुक केलं. लग्न झाल्यावर तिचा उपयोग एवढाच, की दूध नासलं की ‘का नासलं सांग बघू’ असं मला विचारत. माझा स्वभाव तापट. त्या प्रश्नाला मी एकदा ‘कुणी तरी लिंबाच्या हाताने पातेलं धरलं म्हणून नासलं’ असं रोखठोक उत्तर दिलं, आणि लिंबं त्या दिवशी सासूबाईंनी चिरली होती. नंतर तो प्रश्न विचारणं बंद झालं.

मामंजींच्या पहिल्या फळ्या सुताराच्या सरसाच्या होत्या. प्रेसमधून निघाल्या की दिसायला झकास, आणि हातात धरल्या की पाक कच्चा राहिलेल्या बुंदीच्या लाडवासारख्या भुगा होऊन खाली. एका दुपारी ते तसा भुगा रुमालात बांधून घरी घेऊन आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “तू केमिस्ट्री शिकली आहेस ना? मग बघ जरा, ही बला काय करून राहिली आहे.”

मी हातातलं लाटणं तसंच ठेवलं आणि निघाले. आजही त्या क्षणाची आठवण झाली की हसू येतं, कारण पोळी तव्यावरच राहिली होती.

शेडमध्ये जायला लागले आणि मला पहिल्यांदा कळलं, की लाकूड लाकूड म्हणतात त्याच्या किती तऱ्हा असतात. हजीऱ्याच्या ढिगांमध्ये शिवपुरी-श्योपूरच्या जंगलातलं सगळं एकत्र पडलेलं असायचं. सागवान तेलकट, सरस धरायला तयार नाही. खैराचा रस असा आंबट, की सरस प्रेसमध्ये जायच्या आधीच घट्ट. धावडा दगडासारखा, किती का दाबा, दबायचं नाव नाही. सालई मात्र भोळी, सांगाल तसं ऐकणारी. हे सगळे एका फळीत बसवायचे म्हणजे चार गावच्या सोयऱ्यांना एका सतरंजीवर बसवायचं. सरस मी बदलला. खताचा युरिया आणि दवाखान्यात मिळतं ते फॉर्मॅलिन एकत्र शिजवून नवा सरस केला. त्याच्या वाफेने डोळ्यांतून धारा लागत, आणि घरी परतताना गल्लीतल्या बायका समजत, की आज सुनेला सासरी काहीतरी बोललेलं दिसतंय. हा सरस आवळून यायला नवसागर घालावा लागे. तो कल्हईवाल्याकडे मिळायचा. पाटीवर खडूने प्रमाण लिहून ठेवायचं, फळी बिघडली की पुसायचं. किती पुसलं त्याला गणती नाही, पण मला तेव्हासारखी भूक आणि झोप पुन्हा कधी लागली नाही.

फळी तरीही ठिसूळच निघे. कडक लाकडाच्या ढलप्या एकमेकींना टेकून उभ्या राहात, मध्ये पोकळ्या राहात. त्यावरचा उपाय सरकारने पाठवला असं म्हणायला हरकत नाही. आमचे हे तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या सचिवालयात होते, आणि त्या सरकारची तऱ्हा अशी की थंडीत राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. दर सहामाहीला फायली पेट्यांमध्ये भरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. पेट्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाच्या, हलक्या, दोन फेऱ्यांत खिळखिळ्या होणाऱ्या. मोडक्या पेट्या कचऱ्याच्या भावाने विकत. मामंजी त्या शेडवर आणायला लागले ते केवळ भट्टी पेटवायला. एकदा वैतागून मी चिडाच्या ढलप्याच चुऱ्यात मिसळल्या. चीड मऊ. दाब बसताच ते चेपलं आणि धावड्याच्या, खैराच्या मधल्या फटींत जाऊन बसलं. फळी निघाली ती मी दोन्ही हातांनी वाकवायला गेले, गुडघ्यावर टेकवून जोर लावला, शेवटी तिच्यावर उभी राहिले. मोडेना! मामंजींनी टोपी काढून शेडच्या पत्र्याकडे उडवली आणि ती छपराच्या कैचीत अडकून बसली. ती काढायला शिडी मागवावी लागली.

मामंजी म्हणाले, “सगळी कडक माणसं एकत्र ठेवली की भांडतात. मध्ये एक नरम पाहिजे.” आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तू धावडा आहेस. आमचा हा चीड आहे.” ‘हा’ म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. ते काही चुकीचं नव्हतं.

आमची प्रेस दरबारच्या जिल्दसाजीच्या, म्हणजे पुस्तकबांधणीच्या खात्यातली जुनी, हाताने फिरवायच्या चाकाची. तिच्यात मोठी फळी मावेना. जेमतेम जेवायच्या पाटाएवढी. तेवढ्यावर आम्ही फार खूश होतो.

आणि मग राज्यांची पुनर्रचना आली. मध्य भारत गेला, नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरच्या निम्म्या मराठी घरांमध्ये त्या वर्षी एकच विषय, कुणाला जावं लागणार आणि कुणाचं टळणार. चिडाच्या पेट्यांचा इतका सुकाळ मी आयुष्यात पाहिला नाही. मामंजी म्हणायचे, “राज्य मोडलं की लाकूड येतं.” पण त्याच लाटेत यांच्या बदलीचा हुकूम आला. दिवाळीच्या आधी भोपाळला हजर व्हायचं. नोकरी सोडणं शक्यच नव्हतं, घर तिच्यावर चालत होतं. नवरा भोपाळला म्हणजे बायको भोपाळला, यात विचारण्यासारखं कुणाला काही वाटलं नाही. मी गेले की सरस कोण शिजवणार? मामंजींनी मी माहेरी गेले असताना एकदा एकट्याने करून पाहिला होता, तेव्हा तो भांड्यातच दगड झाला होता. म्हणजे मी भोपाळला आणि शेडला कुलूप.

मला जायचं नव्हतं. हे मी कुणाला म्हटलं नाही, कारण म्हणायची सोय नव्हती, पण मला मुळीच जायचं नव्हतं. नवऱ्यावर माझा जीव होता, आणि तरीही सरकारी क्वार्टरमध्ये बसून त्यांचा रिकामा डबा परत यायची वाट बघणं मला नको होतं. दोन्ही खरं होतं.

मामंजी मात्र हार मानणारे नव्हते. त्यांनी सराफ्यातल्या एका शेटजींना गाठलं. शेटजींचं जवाहिऱ्याचं मोठं दुकान, त्यांना दागिने मांडायच्या मखमली ट्रे आणि खण नव्याने करून घ्यायचे होते. त्याला आमच्या पाटाएवढ्या फळ्या पुरत होत्या. एवढं एक काम मिळालं, तर शेड वर्षभर तरी उघडी ठेवायला कारण होतं. शेटजी म्हणाले, आधी माल बघू. मामंजी म्हणाले, आमच्याकडे जेवायलाच या, तिथेच बघा.

दसऱ्यानंतर मामंजींची साठीशांत होती. ब्राह्मण, होम, आणि मग अंगणात पंगत. मामंजींनी ठरवलं, की सगळी पंगत आपल्या फळ्यांच्या पाटांवर बसवायची. आम्ही पंधरवडाभर प्रेस थंड होऊ दिली नाही. चिडाचं प्रमाण असं जमलं होतं, की फळी घासली की तिच्यावर लाल, पिवळे, काळे ठिपके उठून दिसत, तिळाच्या वडीसारखे. मामंजी आदल्या दिवशी ते पाट अंगणात रचून त्यांच्याभोवती नुसतेच फिरत होते.

सासूबाईंना हे पाट मंजूर नव्हते. सोवळ्याच्या बाबतीत त्या फार कडक. सरस म्हणजे कातडं आणि हाडं उकळून काढलेला, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या काही चुकीच्या नव्हत्या, सुताराचा सरस तसाच असतो. मी पुन्हा पुन्हा सांगितलं की हा तो नव्हे, हा युरियाचा आहे. युरिया हे नाव मुळात लघवीवरून पडलं, हे मात्र मी त्यांना जन्मात सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि ‘बरं’ म्हणाल्या. त्यांचं ‘बरं’ म्हणजे काय हे मला तोवर कळायला हवं होतं.

साठीशांतीच्या पहाटे मी आत डाळ-वाटणात होते. बाहेर सासूबाई आणि त्यांच्या दोन जावा ओलेत्याने, सोवळ्यात, नळावर बसल्या आणि एकेक पाट घेऊन त्यावर बालदी बालदी पाणी ओतून, चिंचेने घासून, पुन्हा पाणी ओतून त्यांनी सगळे पाट शुद्ध केले. चांगलं मन लावून केलं. मग पुसून ओळीने मांडले, भोवती रांगोळी काढली, उदबत्त्या लावल्या. नवा पाट धुतल्याशिवाय पंगतीला घेत नाहीत, यात त्यांचं काय चुकलं? लाकडाचा पाट धुतला की धुतला. पण हा लाकडाचा असून लाकडाचा नव्हता.

होम आटोपला, मी पत्रावळींची चळत घेऊन अंगणात आले आणि जागच्या जागी थांबले. पाट फुगले होते. कडा तर अशा टरारल्या होत्या, की भोवतीची रांगोळी बाहेर ढकलली गेली होती. मी एकावर बोट टेकवलं तर ते किंचित आत गेलं. पंधरवडाभराचं काम, शेटजींचं काम, माझी शेड, सगळं तिथे रांगोळीत बसून फुगत होतं.

मी चळत खाली आपटली. “कुणी धुतले हे?”

सासूबाई पुढे आल्या. “मी धुतले. का? काय झालं?”

“काय झालं? तुम्हाला दिसून नाही राहिलं काय झालं ते? पाण्यात घातलेत तुम्ही! आई, हा सरस पाण्याला टिकत नाही!”

“मग हे कुणी सांगितलं होतं मला?”

आणि खरंच, ते कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्यांना सरसात काय नाही ते सांगत बसले होते. नव्या सुनेने भर अंगणात सासूवर आवाज चढवला म्हणून चुलतसासूबाईंनी कपाळाला हात लावला. एवढ्यात मामंजी रेशमी मुकटा नेसून, गळ्यात हार तसाच ठेवून बाहेर आले. त्यांनी पाटांकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते जे हसायला लागले ते थांबेचनात. त्यांना हसू आलं की खोकला यायचा, खोकला आला की अजून हसू. मग डोळे पुसत पहिल्या पाटावर जाऊन बसले, जरा खाली-वर होऊन बघितलं आणि म्हणाले, “वा! आज गादीवर पंगत. बसा, बसा मंडळी, लवकर बसा, भात निवून राहिला आहे.”

लोक बसले. काय करणार? वयस्कर मंडळी तर म्हणायला लागली, की गुडघ्यांना हा पाट फार बरा. हे पांढरेफटक चेहऱ्याने तूप वाढत फिरत होते. शेटजी आले, त्यांना मामंजींनी शेजारच्या ओळीत मानाने बसवलं. शेटजी अंगाने भरदार. ते बसले तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पाट दबला, कुरकुरला, पण मोडला नाही. ते श्रीखंड संपेपर्यंत मी दाराआड देवाचं नाव घेत उभी होते, आणि शेटजींनी श्रीखंड तीनदा मागून घेतलं.

जेवण झालं, हात धुतले, आणि शेटजींनी आपला पाट उचलून उलटा केला. कडेला नख लावलं. “पंडितजी, यह तो पूड़ी की तरह फूल गया है. यही माल है आपका?”

मामंजी काही बोलणार तोच मागून सासूबाई आल्या. परक्या पुरुषासमोर कधी उभ्या न राहिलेल्या बाई पदर सावरून पुढे आल्या आणि आमच्या त्या ग्वाल्हेरी हिंदीत म्हणाल्या, “फूला नहीं भाईसाहब, हमने फुलाया. बाल्टी भर-भर के पानी डाला. इसमें इन लोगों की कोई गलती नहीं.”

शेटजी म्हणाले, “भाभीजी, मेरे यहाँ ज़ेवर की ट्रे कौन धोता है? पानी से मुझे क्या करना. मेरी दुश्मन तो लू है. जेठ में तख़्ती ऐसी मुड़ती है कि मख़मल उखड़ आता है. लू में इसका क्या होगा, यह बताओ.”

ज्येष्ठातला तो भाजणारा वारा चांगल्या लाकडालाही वाकवतो. सासूबाई जिन्यावरून गच्चीत गेल्या आणि खाली आल्या तेव्हा त्यांच्या काखेत एक फळी होती. आमच्या पहिल्या चांगल्या फळ्यांपैकी. मामंजींनी ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला वर नेऊन ठेवली होती आणि नंतर आम्ही दोघंही साफ विसरलो होतो. “जेठभर वर पडी थी. हम रोज़ वड़ियाँ सुखाने जाते थे तो देखते थे. नहीं मुड़ी. बारिश लगी तो चटाइयों के साथ ऊपर की कोठरी में ले ली.”

शेटजींनी फळी डोळ्याजवळ नेली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून पलीकडे बघितलं. मग फरशीवर ठेवून चारी कोपरे दाबले. कुठलाच कोपरा उचलला गेला नाही. “तुलसी-विवाह के बाद लगन चालू हो जाएँगे,” ते म्हणाले, “पहली खेप उससे पहले दे सकोगे?”

मामंजींनी होकार देऊन टाकला आणि मग हळूच माझ्याकडे बघितलं. काम मिळालं होतं, आणि मी पुढच्या आठवड्यात भोपाळला जाणार होते.

पंगती उठल्या. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उष्टी भांडी रचत होते. मला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींचा मला राग येत होता. हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “मी खानावळीत जेवेन. तू राहा इथे.” माझा चीड! पण ते बोलायला सोपं होतं. तरुण सून नवऱ्याला खानावळीत धाडून सासऱ्यांबरोबर कारखाना चालवते, हे त्या काळी गल्लीला पचलं नसतं, आणि यांचं पोट खानावळीत आठवडाही टिकलं नसतं.

“खानावळीत कशाला?” सासूबाई चुलीपाशी राख सारखी करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. “मी जाते त्याच्याबरोबर. त्याचं जेवणखाण मला कळतं. इथे हिने आणि तुझ्या वडलांनी भट्टीवरच काहीतरी शिजवून खावं.”

मला वाटलं त्या रागावून बोलतायत. लग्न होऊन आल्यापासून ही बाई ग्वाल्हेर सोडून एक रात्र कुठे राहिली नव्हती. मी जवळ बसले आणि म्हटलं, “आई, सकाळी मी बोलले ते—”

“ते राहू दे. नवसागर किती घालतेस?”

मी सांगितलं.

“सरस कोमट असताना, की गार झाल्यावर?”

“तुम्हाला हे कसं पता?” मी विचारलं.

“माझे वडील वैद्य होते. त्यांची भस्मं, क्षार, सगळं मी करायचे. ते म्हणत, हिचा हात बसलेला आहे.” त्यांनी राखेवर पाणी शिंपडलं. “इथे आल्यावर कुणी खल हातात दिला नाही. मीही मागितला नाही. तू लाटणं टाकून गेलीस त्या दिवशी मला फार राग आला होता, आणि रात्री बरंही वाटलं होतं. तुला येतंय ना? मग कर.”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडले. त्यांनी ‘ऊठ, सोवळं मोडलंस’ एवढंच म्हटलं, आणि उठवलं मात्र नाही.

आठवड्याने आम्ही स्टेशनवर होतो. सासूबाईंनी पिण्याचं पाणी बरोबर घेतलं होतं, देव टोपलीत घेतले होते, आणि भोपाळ म्हणजे लंकाच असल्यासारखा चेहरा करून त्या खिडकीशी बसल्या होत्या. मामंजी काहीबाही सूचना देत होते, त्या ऐकत नव्हत्या. गाडी हलली तशी मी खिडकीबरोबर चालायला लागले, मग पळायला लागले. मला त्यांना खूप काही सांगायचं होतं.

त्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडल्या, “अगं पळतेस काय वेड्यासारखी! जा, भट्टी पेटवायला उशीर होऊन राहिला आहे!”